पाया खोदायच्या आधी दोन्ही नियमावल्या एका नकाशावर आणा

प्रश्न (थोडक्यात): आम्ही दोघं भाऊ, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. गावाला लागून रस्त्यावर आमची एक एकर जागा आहे, वाणिज्य वापरासाठी अकृषक झालेली. तळमजल्यावर २० बाय १२ मीटरचं मंगल कार्यालय, पहिल्या मजल्यावर तेवढाच जेवणाचा हॉल आणि दुसऱ्यावर मुलींच्या वसतिगृहाच्या खोल्या असा विचार आहे. नकाशात जिना एकच आहे, दीड मीटरचा, आणि एक लिफ्ट. शेजारी आमचंच कापसाचं गोदाम आहे. नकाशा काढणारे म्हणतात, बांधकामाच्या नियमात सगळं बसतं, आगीचं नंतर पाहू. ठेकेदार म्हणतो, आग विझवायचे चार लाल सिलिंडर लावले की एनओसी (अग्निशमनची ना हरकत) मिळते. तालुक्याचं ठिकाण २८ किलोमीटरवर आहे. यात कोणता नियम वरचा आणि आधी कोणाकडे जायचं?

उत्तर:

भाऊ, सगळ्यात आधी ठेकेदाराचं म्हणणं बाजूला ठेवा. लाल सिलिंडर ही आगीच्या नियमांतली अगदी शेवटची गोष्ट आहे. तिच्या आधीचं सगळं दारं, जिने, भिंती, मोकळी जागा आणि पाणी यांच्याबद्दल आहे, आणि ते कॉलम उभे राहण्यापूर्वी ठरतं. सिलिंडर लग्नाच्या आदल्या दिवशीही आणता येईल. जिना रुंद करायचा तर बीम तोडावी लागते. म्हणून 'आगीचं नंतर पाहू' हा सल्ला तुम्ही मानू नका. तो तुम्हाला सगळ्यात महाग पडेल.

तुमच्या इमारतीला तीन कागद एकाच वेळी लागू होतात. पहिला राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. ही ३ डिसेंबर २०२० पासून मुंबई महानगरपालिका, एमआयडीसी आणि असे मोजके भाग सोडून जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे, प्रादेशिक योजनेतल्या गावांनाही. दुसरा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो अमलात आला ६ डिसेंबर २००८ ला. तिसरी राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६, तिचा भाग ४. ही संहिता भारतीय मानक ब्यूरोची. ती स्वतःहून कायदा नाही. पण राज्याची नियमावलीच सांगते की इमारतीचं नियोजन, आराखडा आणि बांधकाम आगीपासून सुरक्षित हवं आणि ते संहितेच्या भाग ४ प्रमाणे आणि २००६ च्या अधिनियमाप्रमाणे करावं. म्हणजे बांधकामाच्या नियमानेच आगीचा नियम आपल्या पोटात घेतला आहे. 'कोणता वरचा' हा वाद त्यामुळे उरतच नाही. प्रत्येक बाबीवर, म्हणजे दारावर वेगळं आणि जिन्यावर वेगळं, तिघांपैकी जो कडक असेल तो पाळायचा.

आता तुमचे नकाशावाले कुठे थांबले असतील त्याचा मला अंदाज आहे. राज्याच्या नियमावलीत 'विशेष इमारत' ठरवताना एका मजल्यावर ५०० चौरस मीटरची रेषा आहे. तुमचा मजला २४० चौरस मीटरचा. त्यांनी ती रेषा पाहिली आणि फाइल मिटली. पण संहितेचा भाग ४ कोणाला लागू आहे ती यादी वेगळी आहे. १५ मीटर आणि त्याहून उंच सगळ्या इमारती, ९ मीटर आणि त्याहून उंच शाळा-दवाखान्यांच्या इमारती, ५०० चौरस मीटरवरची दुकानं-कारखाने-गोदामं, आणि जमावाच्या सगळ्या इमारती. इथे 'सगळ्या' म्हणजे क्षेत्रफळाची अट नाही. ५० किंवा त्याहून जास्त माणसं लग्नासाठी, सभेसाठी, पूजेसाठी जमतात ती जमावाची इमारत. मंगल कार्यालय त्यातच बसतं. एकाच माणसाने दोन पुस्तकं वेगवेगळ्या दिवशी उघडली की अशी चूक होते. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर तुमची इमारत सुटत नाही हे पाच मिनिटांत कळतं.

गावठाणात ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना परवानगीत जी सवलत मिळाली, तिच्या भरवशावर गावोगावी लोक हॉल बांधायला निघालेत. ती सवलत राहत्या घरांसाठी आहे. तिचा आधार तुम्ही घेऊ नका.

कोणाकडे जायचं? तुमचा गोंधळ रास्त आहे. शहरात नगर परिषद नकाशाही पाहते आणि अग्निशमनही तिच्याकडेच असतं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत अग्निशमन सेवा लिहिलेली आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत अग्निशमन नाही. म्हणून ग्रामसेवकाने हात वर केले तर त्याच्यावर रागावू नका, ते काम त्याच्याकडे दिलेलंच नाही. बांधकाम परवानगीचा तुमचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या महसूल यंत्रणेमार्फत आणि नगर रचना शाखेच्या तपासणीतून जाईल. आणि जिथे मुख्य अग्निशमन अधिकारी नाही तिथे २००६ च्या अधिनियमाखालचं काम संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा यांच्याकडे असतं. त्यांचं कार्यालय मुंबईला आहे. पण तुम्हाला आधी तिथे धावायची गरज नाही. तुम्हाला आधी हवी आहे परवानाधारक एजन्सी, म्हणजे अधिनियमाखाली संचालकांनी परवाना दिलेली संस्था. यादी संचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळते. सिलिंडर विकणारा प्रत्येक दुकानदार परवानाधारक नसतो. परवान्याची मुदत आणि तो कोणत्या कामासाठी आहे, दोन्ही तपासा.

क्रम असा ठेवा. नकाशा पेन्सिलीत असतानाच नकाशावाले आणि परवानाधारक एजन्सी यांना एका टेबलावर बसवा. त्या नकाशावर अग्निशमनची तात्पुरती ना हरकत घ्या, मग बांधकाम परवानगी. बांधकाम झाल्यावर एजन्सीचं नमुना 'अ' मधलं, म्हणजे आगीची यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचं प्रमाणपत्र, अंतिम ना हरकत आणि त्यानंतर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी. भोगवट्याआधी पहिलं लग्न लावू नका, मग ते घरचं असलं तरी.

एवढी कागदाची बाजू झाली. मला तुमच्याशी खरं बोलायचं आहे ते २८ किलोमीटरबद्दल.

नियम लिहिणाऱ्यांनी शहर डोळ्यांसमोर ठेवलं आहे, जिथे काही मिनिटांत बंब येतो. तुमच्याकडे तालुक्याहून पाण्याने भरलेली गाडी निघाली, वाटेत रेल्वे फाटक बंद नसलं आणि रस्ता बरा असला तरी अर्धा-पाऊण तास लागणार. सजावटीच्या कापडाला लागलेली आग बंद हॉलमध्ये काही मिनिटांत छताला टेकते. म्हणजे तुमच्या इमारतीत माणसं वाचतील की नाही हे बंब यायच्या आधीच ठरून गेलेलं असेल. म्हणून खेड्यातल्या कामात मी नेहमी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. बजेट तोकडं पडलं तर यंत्रं कमी करायची भाषा मागून करा, पण दारं, जिने आणि भिंती यांत एक इंचही सोडू नका. शहरातली इमारत यंत्रांवर थोडी विसंबू शकते. खेड्यातल्या इमारतीला स्वतःच्या विटांवर उभं राहावं लागतं.

आता माणसं मोजू. संहिता क्षेत्रफळावरून माणसं धरायला सांगते. ताटं-टेबलं मांडून जेवायला बसण्याच्या जागेत एका माणसाला १.४ चौरस मीटर. सुट्या खुर्च्या दाटीने मांडलेल्या सभेसारख्या जागेत ०.६५ चौरस मीटर. तुमच्या २४० चौरस मीटरच्या हॉलमध्ये पहिल्या हिशेबाने १७१ माणसं येतात, दुसऱ्याने ३६९. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण दोन्ही मजल्यांसाठी ३६९ धरा. कारण पावसात मांडव कोसळला की लग्नच वरच्या मजल्यावर लागतं, पंगत खाली बसते, आणि तेव्हा कोणी नकाशा काढून पाहत नाही.

बाहेर पडायच्या वाटेची रुंदी माणसांवरून निघते. सपाट वाटेला आणि दाराला माणशी ६.५ मिलिमीटर, जिन्याला माणशी १० मिलिमीटर. ३६९ माणसांना दारं मिळून २.४ मीटर लागतात. पण जमावाच्या इमारतीचं दार २ मीटरपेक्षा कमी चालत नाही आणि दारं निदान दोन हवीत. म्हणजे दोन-दोन मीटरची दोन दारं घेतली की तळमजल्याचा प्रश्न सुटतो. वरच्या मजल्याला ३६९ गुणिले १० म्हणजे जवळजवळ ३.७ मीटर जिना हवा. तुमच्या नकाशात दीड मीटर आहे. १५० पेक्षा जास्त माणसांच्या जमावाला जिना २ मीटरचा लागतो, तेव्हा दोन-दोन मीटरचे दोन जिने. तुमचा एक जिना आणि लिफ्ट मिळून दोन वाटा होत नाहीत. आगीत लिफ्ट वापरायचीच नसते, ती हिशेबात धरत नाहीत.

दोन जिने शेजारी-शेजारी काढूनही भागत नाही. छतात आगीवर पाणी मारणारे फवारे (स्प्रिंकलर) नसलेल्या इमारतीत दोन वाटांमधलं अंतर त्या जागेच्या कर्णाच्या निम्म्याहून कमी नको. तुमच्या हॉलचा कर्ण २३.३ मीटर, म्हणजे दारांत किमान ११.७ मीटर अंतर. दोन्ही दारं रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीत शेजारी काढायची आपल्याकडे पद्धत आहे, कारण तिथे कमान शोभते. आग बहुधा लागते स्टेजच्या मागे, जिथे झालर, हॅलोजन आणि वायरींचा गुंता असतो. वधूवर, आजी-आजोबा, लहान मुलं पुढच्या ओळींत, म्हणजे स्टेजजवळ. त्यांच्यासाठी स्टेजच्या बाजूला एक दार हवंच. दाराकडे जाणारी वाट जास्तीत जास्त ३० मीटर असावी असा नियम आहे, तो तुम्ही सहज पाळाल. बंद टोकाची वाट ६ मीटरपेक्षा लांब नको, हे नवरीच्या खोलीसमोरच्या बोळात तपासून पाहा.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. शटर किंवा चॅनल गेट हे बाहेर पडायचं दार धरलं जात नाही. चोरीची भीती मला कळते, हॉल वर्षातले कितीतरी दिवस रिकामा असतो. चॅनल गेट बाहेरून लावा, पण कार्यक्रम असताना ते भिंतीत पूर्ण मुरून राहील आणि त्याचं कुलूप कार्यालयात टांगलेलं असेल अशी रचना करा. खिडक्यांना पक्के गज लावणार असाल तर प्रत्येक खोलीत निदान एक गज-चौकट आतून उघडणारी ठेवा. आणि कूलर! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लग्नं त्याच महिन्यात, आणि मोठे कूलर बसवायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे मागचं दार. मग ते दार उन्हाळाभर बंद. कूलरच्या वाळलेल्या गवती ताट्या पेटायलाही वेळ लागत नाही. म्हणून कूलरसाठी भिंतीत वेगळे झरोके नकाशातच दाखवा. एकाही नियमावलीत कूलरचा उल्लेख नाही, पण विदर्भात हॉल बांधायचा आणि कूलरची जागा ठरवायची नाही, हे मला तरी मान्य नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, वसतिगृह. हे मी स्पष्ट लिहितो. मंगल कार्यालयावर मुलींना झोपवू नका.

आग खाली लागते, माणसं वर झोपलेली असतात, आणि उघडा जिना धुराड्याचं काम करतो. माणसं बहुतेक वेळा ज्वाळांनी नाही, धुराने मरतात. ९ जानेवारी २०२१ ला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात १० बाळं गेली, त्यातली बहुतेक गुदमरून. विदर्भातल्या माणसाला यापुढे धुराबद्दल वेगळं सांगायला नको. एकाच इमारतीत दोन वापर आले की संहिता दोघांपैकी कडक वापराचे नियम लावते आणि दोन वापरांमध्ये आग अडवणारी भिंत आणि स्लॅब मागते. मुलींसाठी जिना वेगळा हवा, तो हॉलमध्ये न उघडता थेट बाहेर उतरणारा हवा, आणि एक नाही, दोन. म्हणजे हॉलचे दोन आणि वसतिगृहाचे दोन. २४० चौरस मीटरमध्ये चार जिने काढून उरतं काय? तुमच्याकडे एक एकर आहे. वसतिगृह वेगळं बांधा, बैठं किंवा एकमजली, हॉलपासून दूर, स्वतःच्या फाटकाचं. खर्चही कमी येईल आणि लग्नाच्या गोंगाटात मुलींना अभ्यासही करावा लागणार नाही.

समजा तुम्ही माझं ऐकलं नाही आणि एका जिन्यावर इमारत बांधली. मग काय होतं ते मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. तपासणीत दुसरा जिना मागितला जातो. जागा उरलेली नसते, म्हणून बाहेरून लोखंडी जिना लावतात. तो उतरतो बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात. त्या पट्ट्यातूनच बंब फिरायचा असतो. आगीचा एक नियम पाळायला गेलो आणि बांधकामाचा नियम मोडला, त्यातून आगीचाच दुसरा नियमही मोडला. शिवाय तो जिना तळमजल्याच्या खिडक्यांसमोरून उतरत असेल तर आग नेमकी त्याच खिडक्यांतून बाहेर येते आणि जिना वापरताच येत नाही. नकाशावर हाच जिना दुसऱ्या कोपऱ्यात, विटेच्या भिंतीआड काढायला फक्त पेन्सिल लागली असती. नऊ इंची विटेची भिंत दोन तास आग सहज थोपवते. ती आपल्याकडे प्रत्येक गवंडी बांधतो. त्या जिन्याला हॉलच्या बाजूने १२० मिनिटं टिकणारं अग्निरोधक दार लावा, आपोआप मिटणारं. ते दार विटेने अडकवून उघडं ठेवायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडा.

मोकळ्या जागेकडे येऊ. बंबासाठी फाटक ६ मीटर रुंद हवं, वर कमान असेल तर खाली ४.५ मीटर उंची मोकळी हवी, आणि इमारतीभोवती ६ मीटरचा पट्टा हवा, भरलेल्या गाडीचा भार पेलणारा. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकून भागणार नाही. पावसाळ्यात रिकामी बंडी रुतते तिथे बंबाचं काय होईल! खाली गिट्टीचा थर आणि वर काँक्रीट करा. जमिनीखालचा पाण्याचा हौद याच पट्ट्यात येत असेल तर त्याचा स्लॅब ४५ टनांच्या गाडीसाठी धरायला आराखडा करणाऱ्या अभियंत्याला लेखी सांगा. त्याला कोणी सांगितलं नाही तर तो माणसं चालण्याइतका भार धरून स्लॅब घालेल.

याच पट्ट्यावर सगळ्यांचा डोळा असतो. नकाशावाले त्यात पार्किंग दाखवतात, कारण पार्किंगची संख्या भरायची असते. लग्नात तिथे ट्रॅक्टर आणि जीपा लागतात. बिछायत केंद्रवाले तिथेच मांडव ठोकतात आणि आचारी भट्ट्या पेटवतो. पार्किंग वेगळं दाखवा. एका एकरात ते बसतं. जास्तीच्या पाहुण्यांसाठी पुढच्या बाजूला मांडव घालणार असाल तर त्याचीही जागा नकाशात आखा, इमारतीच्या दारांना न अडवता. तात्पुरत्या मांडवांसाठी भारतीय मानक ८७५८ आहे, ते एजन्सीकडून समजून घ्या. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणात डबवाली इथे एका मंगल कार्यालयाच्या आवारात शाळेचा कार्यक्रम चालू होता. वर सिंथेटिक कापडाचा मांडव, निघायला पुरेशा वाटा नाहीत. ४०० हून जास्त माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त मुलं होती. इमारत विटेची असून उपयोग नाही, तिला चिकटवलेला मांडव कापडाचा असेल तर दोन्ही मिळून एकच जागा होते. म्हणून मांडव आणि इमारत यांत अंतर ठेवा.

स्वयंपाकघर इमारतीला लागून पण वेगळ्या भिंतीआड, तळाला. एलपीजीचा साठा १०० किलोपर्यंत असेल तर साठवणुकीचा वेगळा परवाना लागत नाही. १९ किलोच्या पाच टाक्या ९५ किलो होतात, तिथे थांबा. सहावी टाकी कोणी 'राहू द्या जवळ' म्हणून आणली की तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. टाक्या बाहेर, जाळीच्या खोलीत, उभ्या ठेवा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून त्या खोलीशेजारी गटाराचं तोंड किंवा तळघराची खिडकी नको. घरगुती लाल टाकी लग्नाच्या स्वयंपाकाला वापरणं बेकायदेशीर आहेच.

पाणी. हौद किती लिटरचा हे संहितेतल्या तक्त्यात वापर, उंची आणि क्षेत्रफळ यांवरून निघतं, ते एजन्सी काढून देईल. मी सांगतो ते त्या हौदात मे महिन्यात पाणी कसं राहील याबद्दल. आपल्याकडे एप्रिलपासून बोअर आटतात. आगीचा आणि वापराचा हौद एकच असला की लग्नाच्या दिवशी आगीचं पाणी भांडी घासायला जातं. म्हणून दोन कप्पे करा. विहिरीचं किंवा टँकरचं पाणी आधी आगीच्या कप्प्यात पडेल, तो भरून सांडलं की मगच वापराच्या कप्प्यात येईल. आगीचा साठा त्यामुळे कायम भरलेला राहतो आणि पाणी हलतं राहिल्याने कुजतही नाही. हौदातून बंबाला पाणी ओढता येईल अशी जोडणी रस्त्याकडच्या बाजूला काढा, ६३ मिलिमीटरच्या प्रमाणित कपलिंगची. तालुक्याची गाडी आली आणि तिच्यातलं पाणी संपलं तर तिला तुमच्या हौदाचाच आधार.

पंप विजेचा असेल तर त्याची लाइन इमारतीच्या मेन स्विचच्या आधी वेगळी काढा. आग लागली की पहिलं काम मेन पाडण्याचं, आणि त्याच मेनवर पंप असेल तर पाणीही त्याच क्षणी बंद. गावात तर लाइनमन अख्खी डीपीच बंद करतो, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा डिझेल पंप हवाच. कास्तकाराच्या घरात डिझेल इंजिन चालवता येणारी माणसं असतात. हा तुमचा शहरातल्या माणसापेक्षा मोठा फायदा आहे, तो वापरा.

आतल्या सजावटीचं थोडक्यात: थर्माकोल आणि पीव्हीसी पट्ट्यांचं छत नको, जिप्समचं करा. बाहेर पडायच्या खुणा आणि बॅटरीचे दिवे दारांवर हवेत. वायरिंगला गळती ओळखणारा ब्रेकर लावा आणि मांडववाल्यांसाठी वेगळा, स्वतःचा ब्रेकर असलेला सॉकेट बोर्ड बाहेर द्या, नाहीतर ते मीटरलाच आकडे टाकतात. सिलिंडर कुठूनही १५ मीटरच्या आत हाती यावं. स्वयंपाकघराचं वेगळं.

गच्चीचं एक. वर्ष-दोन वर्षांनी तुम्हाला तिथे पत्र्याचा शेड टाकून आणखी एक पंगत बसवावीशी वाटेल. त्या दिवशी इमारतीचा मजला, उंची आणि माणसांची संख्या तिन्ही बदलतात आणि घेतलेली ना हरकत त्या इमारतीची राहत नाही. शेड टाकायचाच असेल तर आजच्या नकाशात दाखवा आणि जिने त्या हिशेबाने काढा.

राहिलं गोदाम. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि ढिगाच्या आत धुमसत राहते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटते. ओला कापूस रचून ठेवला तर तो आतून तापतो. गोदामाची तुमच्या हॉलकडची भिंत बिनाखिडकीची करा, तिच्यातली दारं बुजवून दुसऱ्या बाजूला काढा. हॉल गोदामाच्या वाऱ्याखाली येऊ देऊ नका. उन्हाळ्यात वारा कुठून येतो हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे, नकाशावाल्याला ते ठाऊक नसेल. मधल्या मोकळ्या जागेत पऱ्हाटीच्या किंवा कुटाराच्या गंज्या लावू नका. लग्नातले फटाके फोडायची जागा गोदामाच्या विरुद्ध टोकाला ठरवून द्या आणि ती अट बुकिंगच्या पावतीवर छापा.

इमारत चालू झाल्यावर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून नमुना 'ब' मधलं प्रमाणपत्र घेऊन द्यायचं असतं की यंत्रणा चालू आणि दुरुस्त आहे. ही मालकाची किंवा वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, हॉल तुम्ही चालवायला दिलात तर करारात ती कोणाची हे लिहून घ्या. कायद्याने सांगितलेले हे दोन महिने आपल्या लग्नसराईला नीट जुळत नाहीत. जुलै सराई संपल्यावर येतो, जानेवारी ती अर्ध्यात असताना. म्हणून तुळशीच्या लग्नाआधी एक तपासणी स्वतःची करा: पंप चालवून होज रीलमधून, म्हणजे भिंतीवरच्या गुंडाळलेल्या नळीतून, पाणी मारा, प्रत्येक दार उघडा, बॅटरीचे दिवे मेन पाडून पाहा. कामाला असलेल्या मुलांकडूनच करवून घ्या, म्हणजे त्या दिवशी हात चालतात.

या आठवड्यात तुम्ही एवढं करा. नकाशावाल्यांकडून तळमजल्याचा आणि पहिल्या मजल्याचा नकाशा मोठ्या कागदावर काढून घ्या. त्यावर लाल पेनाने ३६९ माणसांची बाहेर जायची वाट काढा, प्रत्येक मजल्यावरून, थेट रस्त्यापर्यंत. निळ्या पेनाने बंबाची वाट, फाटकापासून इमारतीभोवती फिरून परत. हिरव्याने पार्किंग, मांडव, भट्टी, कूलर, टाक्या. जिथे हिरवी रेघ लाल किंवा निळीवर चढते तिथे नकाशा बदलायचा. तो कागद घेऊन परवानाधारक एजन्सीकडे जा आणि तात्पुरती ना हरकत मिळाली की त्यांच्या सह्या-शेऱ्यांसह नगर रचना शाखेत प्रस्ताव टाका. ठेकेदाराला तोपर्यंत चुना फक्की मारू देऊ नका. वसतिगृह वेगळं काढायचं ठरलं तर त्याचा नकाशा स्वतंत्र पाठवा, मी पाहून देतो.